वाण कोण घडवतं, आणि खाचरापर्यंत काय पोचतं

दापोलीला वनस्पती पैदासशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या, राजापूर तालुक्यातल्या एका मुलीने विचारलं आहे: "सर, आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था किंवा गहू-मका संस्थेत वरच्या जागांवर असणाऱ्यांची माहिती वाचली की पदव्या, शोधनिबंध आणि पुरस्कारांची रांग दिसते. ही माणसं नक्की करतात काय? तिथे शास्त्रज्ञ लागतो की कारभार सांभाळणारा? आमच्या बाबांच्या खाचरापर्यंत त्यातलं काय पोचतं? आणि मी पीएच.डी.ला बाहेर जाऊ का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटीच देतो. आधी दिलं तर तू पुढचं वाचणार नाहीस.

मी २८ वर्षं भाताच्या पैदासीत काढली, सगळी कोकणात. फिलिपाइन्सला लॉस बान्योसला एकदाच गेलो, तेही प्रशिक्षणाला, आणि तिथल्या तांदळाची पेज होत नाही एवढं ठरवून परत आलो. पण तिथून येणाऱ्या बियांच्या पुड्या दरवर्षी माझ्या हातातून गेल्या. १९७५ पासून ती संस्था (आम्ही तिला सरळ 'इर्री' म्हणतो) देशोदेशींच्या निवडक लाइनी (वाण होण्याआधी तपासणी चालू असलेली बियाणी) एकत्र करून चाचणीसाठी वाटते. पुडीवर नुसते आकडे असतात. कुणाची लाइन, कुठल्या देशाची, हे शोधत बसायला आवणाच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत कुणाला वेळ नसतो. लावायची, बघायची आणि बहुतेक टाकून द्यायची. या टाकून देण्याबद्दलच मला मुख्यतः लिहायचं आहे, कारण तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

संकर करणं अवघड नाही, हे तू एव्हाना शिकली असशील. संध्याकाळी फुलांची टोकं कापायची, चिमट्याने पुंकेसर काढायचे, पिशवी घालायची, दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर दुसऱ्या झाडाचे परागकण झटकायचे. आमच्याकडचा दहावी नापास मजूर हे काम माझ्यापेक्षा सफाईने करायचा. कठीण भाग दोन: कोणती दोन झाडं एकत्र आणायची, आणि त्यांच्या हजारो नातवंडांतून कोणाला घालवायचं.

आयआर-८ चंच उदाहरण घे. इर्री १९६० मध्ये फोर्ड आणि रॉकफेलर या दोन प्रतिष्ठानांच्या पैशावर उभी राहिली. पीटर जेनिंग्ज या तरुण पैदासकाराने १९६२ मध्ये ३८ संकर केले. त्यातला आठवा होता 'पेटा' हा इंडोनेशियाचा उंच, जोमदार भात आणि तैवानचा बुटका 'डी-जिओ-वू-जेन' यांचा. त्यातून १३० दाणे मिळाले. पहिली पिढी सगळी उंच. पुढच्या पिढीत सुमारे दहा हजार झाडं लावली, तेव्हा तीन हिस्से उंच आणि एक हिस्सा बुटकी निघाली. म्हणजे बुटकेपणा एकाच अप्रभावी जनुकाचा. हा साधा मेंडेलचा हिशोब शेतात डोळ्यांसमोर उभा राहिला आणि सगळं काम सोपं झालं. उंच झाडं सरसकट बाद. उशिरा येणारी बाद. करप्याने खाल्लेली बाद. उरलेल्यांतून ओळी लावत गेले, आणि २८८ क्रमांकाच्या ओळीतलं तिसरं झाड निवडलं गेलं. आयआर-८-२८८-३ हे पूर्ण नाव वाचलंस की ही सगळी गोष्ट त्या आकड्यांतच मिळते.

ते झाड निवडणारा मात्र जेनिंग्ज नव्हता. १९६३ मध्ये हेन्री बीचेल इर्रीत आला तेव्हा तो ५७ वर्षांचा होता. आपल्याकडे त्या वयात माणूस निवृत्तिवेतनाचे कागद गोळा करायला लागतो. बीचेलने त्याआधी टेक्सासमध्ये कित्येक दशकं भातच केला होता, आणि दहा हजारांतून एक उचलायला लागणारी नजर तो तिथून घेऊन आला होता. मग एस. के. डे दत्ता या आपल्या बंगाली कृषिविद्यावेत्त्याने नत्राच्या वेगवेगळ्या मात्रा देऊन ते भात तपासलं आणि १९६६ च्या उन्हाळी हंगामात हेक्टरी ९ टनांवर उत्पन्न काढून दाखवलं. त्या काळी आशियातलं सरासरी उत्पन्न दोन टनांच्या आसपास असायचं. नोव्हेंबर १९६६ मध्ये वाणाला नाव मिळालं.

आता सांग, यातला नेता कोण?

संस्थेचा पहिला संचालक होता रॉबर्ट चँडलर. मृदाशास्त्राचा माणूस, त्याआधी अमेरिकेत एका विद्यापीठाचा अध्यक्ष. भाताशी त्याचा संबंध शून्य. तरीही आयआर-८ च्या यशात त्याचा वाटा मी मोठा मानतो, कारण त्याने दोन गोष्टी केल्या. एक, आपण नेमकं कसं झाड शोधतोय हे सुरुवातीलाच ठरू दिलं आणि मग बदललं नाही: बुटकं, ताठ पानांचं, खत घालून न लोळणारं, दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसणारं. दुसरं, पैदासकाराच्या शेजारी बाकीचे विषय आणून बसवले. कीटकशास्त्राला मनो पाठक, रोगांना एस. एच. औ, जनुकपेढीला (गोळा केलेल्या बियांच्या साठ्याला) ते-त्झू चांग, आणि तांदळाच्या रसायनाला बिएनवेनिडो हुलियानो. पैदासकार धरून पाचही जण एकाच आवारात. पैदासकाराला आवडलेली लाइन कीटकवाला बाद करू शकतो, ही व्यवस्था कागदावर साधी वाटते. प्रत्यक्षात मी अशी केंद्रं पाहिली आहेत जिथे पैदासकार आणि कीटकशास्त्रज्ञ एकाच जीपमधूनही जात नसत.

म्हणजे तुझ्या 'शास्त्रज्ञ की कारभारी' या प्रश्नाला माझं उत्तर असं: वरच्या माणसाला त्या पिकाचं शास्त्र येत नसेल तरी चालून जातं, पण कुणाचं 'नाही' ऐकायचं हे त्याला कळावं लागतं. आणि ज्याच्या हातात पैदास आहे त्याला शास्त्र आलंच पाहिजे, तिथे सवलत नाही.

आयआर-८ मध्ये खोटही मोठी होती. दाण्यात पांढरं पोट, भात निवला की कडक. रोगकिडींपुढेही तो दुबळा होता. कोकणात तर आणखी एक तक्रार आली जी लॉस बान्योसला कुणाच्या ध्यानीमनी नव्हती: पेंढा. आमच्याकडे तेव्हा घरटी दोन-चार जनावरं असायची आणि ती पेंढ्यावर पोसली जायची. बुटक्या भाताचा भारा बघून माझे आजोबा म्हणाले होते, "दाणं माणसाक, गुरांका काय?" पैदासकाराच्या भाषेत याला 'लक्ष्य चुकलं' म्हणतात.

त्याच काळात देशातही काम चालू होतं, हे तू विसरू नकोस. १९६५ मध्ये हैदराबादला अखिल भारतीय समन्वित भात प्रकल्प सुरू झाला, एस. व्ही. एस. शास्त्री त्याचे समन्वयक. तैवानच्या बुटक्या टीएन-१ चा आपल्या टी-१४१ शी संकर करून १९६८ मध्ये तिथून 'जया' आला. कोकणात जया जितका रुजला तितका आयआर-८ कधीच रुजला नाही. जाड दाणा, उकड्याला बरा, भाकरीला बरा. बुटकेपणा परदेशचा, निवड इथली.

आयआर-८ नंतरची पिढी गुरुदेव खुश यांची. जालंधर जिल्ह्यातल्या रुडकी गावचे. कॅलिफोर्नियात त्यांनी टोमॅटोच्या गुणसूत्रांवर काम केलं आणि १९६७ मध्ये भाताच्या संस्थेत रुजू झाले. टोमॅटोवाल्याला भात कसा सोपवला, असं आपल्या एखाद्या निवड समितीने नक्की विचारलं असतं. पण अनुवंशशास्त्र पक्कं असलं की पीक शिकता येतं, आणि खुश ते शिकले, तीन दशकांहून जास्त काळ एकाच संस्थेत राहून.

त्यांच्यापुढे संकट आलं तपकिरी तुडतुड्यांचं. दाट, नत्र खाल्लेल्या, बारमाही भातात तुडतुडे वाढले आणि ते बरोबर विषाणूही घेऊन आले. १९७३ चा आयआर-२६ तुडतुड्यांना प्रतिकारक होता, पण काही वर्षांतच त्या प्रतिकाराला दाद न देणारे तुडतुडे तयार झाले. एक जनुक, एक किडा, आणि किड्याच्या पिढ्या आपल्या हंगामांपेक्षा वेगाने फिरतात. दुसरीकडे 'ग्रासी स्टंट' नावाच्या विषाणूला प्रतिकार शोधत जनुकपेढीतले सहा हजारांवर नमुने तपासले, तेव्हा तो सापडला फक्त उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानटी भातात, ओरायझा निवारा. खायला निरुपयोगी गवत. कुणीतरी ते काही वर्षांपूर्वी पिशवीत भरून, नोंद करून ठेवलं नसतं तर पुढची गोष्टच नव्हती. या सगळ्यातून १९७६ मध्ये आयआर-३६ आला: सहा देशांतल्या १३ वाणांचं आणि त्या रानटी भाताचं रक्त, सुमारे ११० दिवसांत तयार. एके काळी तो जगात १ कोटी १० लाख हेक्टरवर होता. बीचेल आणि खुश दोघांना मिळून १९९६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आता बाबांच्या खाचराकडे येऊ. कर्जत-३ हा वाण तुमच्याकडे नक्कीच कधीतरी लावला असेल. त्याच्या आईबापांत आयआर-३६ आहे. म्हणजे उत्तर प्रदेशातल्या त्या रानगवताचा अंश राजापूरच्या मळ्यातही येऊन गेला असण्याची शक्यता आहे. आपल्या कर्जतच्याच 'सह्याद्री' या १९९८ च्या संकरित वाणाची आई, आयआर-५८०२५-ए ही नरवंध्य (कामाचे परागकण न देणारी) लाइन, इर्रीची. ती संत विरमाणी यांच्या कामातून आली. म्हणजे नाव सह्याद्रीचं, माहेर लॉस बान्योसचं. आणि सुवर्णा किंवा मसुरी म्हणशील तर ती साखळी याहून जुनी. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर १९४६ मध्ये कटकला भात संशोधन केंद्र झालं. तिथे के. रामय्या यांच्या पुढाकाराने जपानी आणि इंडिका (आपल्याकडच्या जातीच्या) भातांच्या संकराचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम चालला. त्याच कार्यक्रमातून मलेशियात 'महसुरी' निवडली गेली, ती पुढे आपल्याकडे आली, आणि आंध्रात तिच्यापासून 'स्वर्णा', म्हणजे आपली सुवर्णा, तयार झाली. सिंधुदुर्गातल्या बाजारात 'मसुरी' मागणाऱ्या बाईला हे सांगितलं तर ती आधी भाव विचारेल, आणि तेच बरोबर आहे.

पण वाहतूक एकाच दिशेने होते असं समजू नकोस. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

रायगडच्या खाडीकाठच्या खाजणात बांध घालून, उघाड्या (पाणी सोडायची दारं) बसवून भात करतात. समुद्राचं पाणी बांधाला भोक पाडून आत शिरलं, मोठी खांड गेली, की दोन-तीन हंगाम जमीन बाद. एरवीही दिवाळीनंतर जमीन सुकत गेली की खार खालून वर येतो आणि मेपर्यंत वर पांढरं फटफटीत मीठ दिसतं. जूनचा पाऊस ते धुऊन नेतो. म्हणून खाजणातला शेतकरी लावणीची घाई करत नाही, मीठ उतरू देतो. भाताला खार सोसण्याचे नाजूक काळ दोन: रोप लहान असताना आणि लोंबी बाहेर पडताना. मधल्या फुटव्यांच्या काळात तो बराच सोसतो. या जमिनीत शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जो लाल, जाड, उंच 'राता' जपला, त्यातून भुरा राता आणि काळा राता अशा निवडी झाल्या. पनवेलच्या केंद्रात भुरा राता ४-१० आणि आयआर-८ यांचा संकर होऊन पनवेलचे खार सोसणारे वाण आले. हे मला आजही फार सुंदर वाटतं. बुटकेपणा तैवानहून फिलिपाइन्समार्गे आला, खार सोसण्याची ताकद खाडीकाठच्या कुळांनी जपलेली होती. त्या कुळांतल्या कुणाचंही नाव वंशावळीत नाही. वंशावळीत फक्त 'भुरा राता' आहे.

पुढे जनुकांच्या खुणा वापरून इर्रीने केरळच्या 'पोक्काळी' भातातून खार सोसणारा पहिल्या गुणसूत्रावरचा तुकडा पकडला, 'साल्टॉल' नावाचा. पानात सोडियम कमी जाऊ देणं, पोटॅशियम टिकवणं, असं त्याचं काम. उत्तम शोध. पण तो मुख्यतः रोपावस्थेत उपयोगी पडतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस लवकर आटपला आणि लोंबी येतानाच खार वर चढला, तर साल्टॉल एकटा पुरत नाही. हे ज्याने खाजणात दिवाळीच्या आधी पळींज (पोकळ दाण्यांच्या) लोंब्या मोजल्या आहेत त्याला चटकन कळतं. प्रयोगशाळेतल्या माणसाला ते सांगावं लागतं, आणि सांगणारा माणूस बैठकीत असावा लागतो.

बुडीत भाताचंही असंच. ओडिशातल्या एका देशी भातातून निवडलेला एफआर-१३-ए पंधरवडाभर पाण्याखाली तग धरतो. ते जनुक डेव्हिड मॅकिल आणि केनाँग शू यांनी १९९६ मध्ये गुणसूत्रावर शोधलं, २००६ मध्ये पामेला रोनाल्ड यांच्यासह ते वेगळं काढलं, आणि स्वर्णात घालून 'स्वर्णा-सब-१' २००९ मध्ये भारतात प्रसारित झाला. ते जनुक करतं काय, तर झाडाला पाण्याखाली वाढूच देत नाही. गप्प बसवून त्याची शिल्लक वाचवतं. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीला पूर आला तेव्हा मला दोन-तीन जणांनी विचारलं, हे लावलं असतं तर? साठलेल्या स्वच्छ पाण्यात फायदा झाला असता. पण आपला पूर डोंगरावरून गाळ घेऊन धावत येतो, रोपं उपटतो आणि उरलेल्यांवर चिखल बसवतो. त्याला जनुक नाही. ओडिशातलं पाणी संथ, आपलं धावतं. एकाच संकटाचं नाव दोन ठिकाणी दोन अर्थांनी असतं, आणि चांगला पैदास-प्रमुख ते नाव ऐकून थांबत नाही, पाणी किती दिवस, किती खोल, किती गढूळ हे विचारतो.

हल्ली आंतरराष्ट्रीय संस्थांत वाण सुरू करण्याआधी त्याचा आराखडा लिहितात: कुठल्या शेतकऱ्यासाठी, किती दिवसांचा, कोणत्या वाणाच्या जागी, दाणा कसा, कोणते रोग चालणार नाहीत. माझ्या मते आज खरं नेतृत्व या कागदावर असतं. मी उदाहरण देतो. जुने गरवे, म्हणजे उशिरा येणारे, भात दिवसाच्या लांबीवर फुलायचे. पेरणी आठ दिवस मागेपुढे झाली तरी लोंबी ठरल्या वेळी, पाऊस सरता सरता यायची. नवीन भात दिवस मोजतो. जूनच्या आरंभी पेरलेलं १२०-१३० दिवसांचं भात ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, नेमकं परतीच्या पावसात तयार होतं. हळवं तर त्याहून आधी. २०१९ मध्ये क्यार वादळाच्या पावसात आडव्या झालेल्या भाताला लोंबीवरच मोड आलेले तू शाळेत असताना पाहिले असशील. दाण्याला कापणीनंतर तीन-चार आठवडे झोप असेल, म्हणजे ओल मिळूनही तो रुजत नसेल, तर हे टळतं. जुन्या भातांना ही झोप असायची. आराखड्यात तो रकाना नसेल तर पैदासकार नकळत ती झोप घालवून बसतो, कारण झोपाळू दाणा चाचणीसाठी लगेच पेरता येत नाही, वैताग देतो, म्हणून पहिल्यांदा बाद होतो. पंजाब, आंध्र किंवा फिलिपाइन्समधल्या लुझोनच्या माणसाला हा रकाना सुचेलच असं नाही. कोकणातल्या माणसाला सुचायलाच हवा.

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे मी फक्त दुसऱ्यांच्या चुका सांगतोय असं वाटायला नको. सुरुवातीच्या वर्षांत माझी एक लाइन चाचण्यांत सलग तीन हंगाम पहिली आली. करपा नाही, खोडकिडा कमी, लोळत नाही. मी गुहागरकडच्या एका वाडीत आठ घरांत बियाणं दिलं. उत्पन्न चांगलं आलं आणि पुढच्या वर्षी आठपैकी एकानेही लावलं नाही. मी विचारत फिरलो तर पुरुष म्हणायचे, "बरा हाय." शेवटी एका घरातल्या आजीने पातेलं पुढे सरकवलं. सकाळची पेज दुपारी गोळा होऊन बसली होती. "ह्या कामावर नेऊचा कसा?" अमायलोजचं (भात निवल्यावर कडक करणाऱ्या पिष्टाचं) प्रमाण मी तपासून घेतलंच नव्हतं, कारण आमच्याकडे ते यंत्र नादुरुस्त होतं आणि मला घाई होती. हुलियानोसारखा माणूस शेजारी असता तर ती लाइन दुसऱ्या वर्षीच बाद झाली असती. त्यानंतर मी कुठलीही लाइन पुढे नेण्याआधी तिचा भात शिजवायचो, पेज करायचो, उकडायचो, आणि चव घ्यायला दापोलीच्या साहेबांऐवजी वाडीतल्या बायका बोलवायचो. त्या दोन घोटांत बाद करायच्या. मला राग यायचा, पण वही त्यांच्या म्हणण्याप्रमाणेच लिहायचो.

पैशाबद्दल थोडक्यात. या संस्था १९७१ पासून सीजीआयएआर या छत्राखाली आहेत, आणि पैसा देणगीदारांकडून येतो, बहुधा प्रकल्पांच्या रूपात, दोन-चार वर्षांच्या मुदतीने. वाणाला आठ-दहा वर्षं लागतात. त्यामुळे वरच्या माणसाचा निम्मा वेळ ही दोन घड्याळं जुळवण्यात जातो. ज्याला हे जमतं त्याचा पैदासकार शेतात राहतो. ज्याला जमत नाही त्याचा पैदासकार अहवाल लिहीत बसतो. स्वामिनाथन यांना हे जमत असे, कारण इर्रीचे महासंचालक होण्याआधी, १९८२ पूर्वी, त्यांनी दिल्लीत भारतीय कृषी संशोधन संस्था आणि कृषी संशोधन परिषद दोन्ही चालवल्या होत्या, आणि त्याही आधी कटकला भाताचे संकर हाताने केले होते.

बियाणं पोचवणं हीही विद्या आहे, आणि तिला पैदासकार कमी लेखतात. ओडिशाच्या स्वाती नायक यांना २०२३ मध्ये गव्हाचे पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांच्या नावाचा क्षेत्रीय पुरस्कार मिळाला. त्या पैदासकार नाहीत. इर्रीसाठी त्या बियाणं-व्यवस्थेचं काम करतात, शेतकरी बायकांबरोबर वाण तपासून ते गावोगाव पसरवतात. 'सहभागी धान' हा अवर्षण सोसणारा भात आदिवासी भागात जाण्यामागे त्यांचं काम आहे. तुझ्या यादीत त्यांचं नाव घाल.

आणि बोरलॉग. त्यांची गव्हाची गोष्ट तू पाठ केली असशील, पण एक भाग कोकणातल्या मुलीला जास्त कळेल. मेक्सिकोत त्यांनी वर्षाला दोन पिढ्या काढल्या: हिवाळ्यात सोनोराच्या सपाटीवर, उन्हाळ्यात टोलुकाच्या अडीच हजार मीटरवरच्या थंडीत. वरिष्ठांचा विरोध होता, कारण बियाणं ज्या प्रदेशासाठी तिथेच निवडायचं असा तेव्हाचा नियम. हेतू फक्त वेळ वाचवण्याचा होता. पण दोन टोकांच्या हवामानांत जी झाडं टिकली ती दिवसाच्या लांबीची पर्वा न करणारी निघाली, म्हणूनच तो गहू भारतात आणि पाकिस्तानातही चालला. आपल्याकडे हे फुकट आहे: पावसाळी भात आणि वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं दुसरं भात. वायंगणाच्या बांधावर मला फेब्रुवारीत विद्यार्थी क्वचितच दिसतात.

तर, माहितीपत्र वाचताना काय बघायचं? शोधनिबंधांची संख्या सोडून दे. या माणसाच्या हातचा एखादा वाण शेतकऱ्याच्या शेतात दहा वर्षं टिकला का, ते बघ. तो एका कार्यक्रमात किती वर्षं राहिला ते बघ. आणि त्याच्या निबंधांवर सहलेखक कोण आहेत: सगळे त्याच्याच विषयाचे, की त्यात कीटकशास्त्रज्ञ, रसायनवाला, समाजशास्त्रज्ञही येतात? या सहलेखकांवरून मला सगळ्यात जास्त कळतं.

पीएच.डी.ला बाहेर जा. इथे मिळणार नाही असं नाही, पण आज पैदास संख्याशास्त्रावर चालते. हजारो लाइनींचं जनुकीय वाचन करून शेतात न लावताच अर्ध्या बाद करतात, पिढी लवकर फिरवतात. २०२५ च्या मे महिन्यात आपल्या देशाने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले, सांबा महसुरीतून 'कमला' आणि एमटीयू-१०१० मधून 'पुसा डीएसटी राइस-१'. हे तुझ्या पिढीचं काम आहे आणि त्यासाठी गणित पक्कं हवं. माझं कच्चं होतं, त्याची किंमत मी मोजली. तिकडे ते शिकून घे. मात्र जाण्याआधी इथले दोन हंगाम पूर्ण कर, एक पावसाळी आणि एक वायंगण, स्वतःच्या पायांनी.

आणि या आश्विनात एक काम कर. तुझ्या प्रबंधात ज्या लाइनी आहेत त्या प्रत्येकीच्या दहा-दहा पिकलेल्या लोंब्या काप, जुन्या जया किंवा राताच्याही दहा घे, ओल्या गोणपाटात गुंडाळून पडवीत ठेव, रोज संध्याकाळी पाणी शिंपड. सातव्या दिवशी उघड आणि मोड आलेले दाणे मोज. ज्या लाइनीत निम्म्याहून जास्त फुटले असतील तिचं उत्पन्न कितीही असो, वहीत तिच्यासमोर तारीख घाल आणि तिला खोड. मार्गदर्शकांनी कारण विचारलं तर गोणपाट दाखव.